सोफ्यावरचं प्लास्टिक

बहरीनला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीचे एक चाचा राहतात. "पुढच्या वर्षी खलास, गावी जायचं," हे मी आल्यापासून ऐकतोय. म्हणूनच सोफ्यावरचं प्लास्टिक त्यांनी कधी काढलं नाही; आता ते इतकं पिवळं पडलंय की खालचा रंगही कळत नाही. बसलं की करकरतं, उठलं की पँटला चिकटतं.

पाहुण्यांना मात्र इथली हजारो वर्षांपूर्वीची थडगी दाखवायची त्यांना भारी हौस. परवा मलाही नेलं. घरांच्या मागे मातीचे उंचवटेच उंचवटे, प्रत्येकाखाली कुणीतरी पुरलेलं. चाचा एका उंचवट्यापाशी थांबले. मग म्हणाले, "हे पण पुढच्याच वर्षी जायचं म्हणत असतील, नाय?"

संध्याकाळी ते माझ्याकडे कात्री मागायला आले. दोघांनी मिळून प्लास्टिक सोललं. सोफा चक्क हिरवा निघाला! मी प्लास्टिकचा बोळा करायला लागलो, तर ओरडले, "फेकू नको! गावी नेताना लागेल."