न्यूट्रलवरचा हात

खाणीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनवाले, टायरवाले, वेल्डिंगवाले अशी ढीगभर माणसं होती, आणि एकजात सगळी आरडाओरडा करणारी. गिअरबॉक्सच्या वाल्व्ह दुरुस्त करणाऱ्या वाल्व्हमामांची खोली तेवढी काचेची आणि शांत. आत कुणी धुळीचे बूट घेऊन शिरलं की मामा असे काही तोंड सोडायचे की तो माणूस पुन्हा महिनाभर फिरकायचा नाही. त्यांना त्याचं काही वाटत नसे. धुळीचा एक कण वाल्व्हमध्ये अडकला तर अख्खा डंपर आडवा होतो, मग माणसांच्या रागालोभाची काय मातब्बरी, असं त्यांचं म्हणणं.

डंपरच्या गिअरबॉक्सला वाल्व्ह बॉडी नावाचा एक धातूचा ठोकळा असतो, तेलाच्या आडव्यातिडव्या वाटांनी पोखरलेला. त्यातल्या गोल भोकांमधून पोलादाचे छोटे दांडे मागेपुढे सरकतात. दांडा थोडा सरकला की एक वाट उघडते, दुसरी मिटते, पंपाचा दाब त्या वाटेनं क्लचपर्यंत जातो, क्लच आवळला जातो आणि घराएवढी गाडी हलते. ड्रायव्हरला वाटतं गाडी आपण हलवली. तो फक्त गिअरच्या दांडीनं तेलाला वाट दाखवतो, बाकी सगळं तेल करतं, असं मामा जावयालाही लग्नाआधीच ऐकवून मोकळे झाले होते.

खाणीत डंपर चालवणारा हाच जावई त्या उन्हाळ्यात गोत्यात आला. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्यानं इंजिन चालू ठेवून डंपर सपाटीवर उभा केला, दांडी न्यूट्रलला टाकली, नावापुरता धरणारा जुना हँडब्रेक ओढला आणि तो खाली उतरला. थोड्या वेळानं डंपर निघाला. केबिनमध्ये कुणी नव्हतं. हातात डबे धरून माणसं बघत राहिली आणि गाडी सावकाश, अगदी सराईतासारखी, पाण्याच्या टाकीवर जाऊन टेकली. टाकी चेपली, माणूस वाचला. टाकीच्या सावलीत झोपलेला पंपवाला नुकताच हात धुवायला उठला होता, एवढंच.

लोकांनी लगेच वस्तादाचं नाव घेतलं. तो डंपर वर्षानुवर्षं चालवणारा वस्ताद हिवाळ्यात आजारपणात गेला होता. त्याच्या शेजारी बसूनच जावई गाडी शिकला. वस्तादाला एक खोड होती: भरणीसाठी रांगेत थांबला की दोन बोटांनी न्यूट्रलमधली दांडी हलवत राहायचा, टक टक, टक टक. आता जावई घरी शपथेवर सांगत होता की उतरताना त्याला पाठीमागून तोच आवाज आला.

साहेबांनी त्याला घरी बसवलं. दांडी गिअरमध्येच राहिली असणार, असा सगळ्यांचा कौल होता. पण नोकरीपेक्षा लेकीला नवऱ्याची काळजी होती. तो दुचाकीवरही बसेना. जेवताना एकदम थांबून कान द्यायचा. "बाबा, ते खोटं बोलत असतील तर बरं, असं मला वाटायला लागलंय," ती म्हणाली.

मामांनी त्या डंपरची वाल्व्ह बॉडी उघडली. डोळ्यांत तेल घालून बघितलं. कचरा नाही, स्प्रिंग धड, प्रत्येक दांडा नुसत्या वजनानं भोकात अलगद उतरत होता. चाचणीच्या बाकावर चढवली, तेल सोडलं, न्यूट्रलला क्लचच्या दाबाचा काटा शून्यावर. फोरमननं तोंड पाडलं. तो मामांचा जुना दोस्त, त्यालाही वाईट वाटत होतं.

मामा जेवलेही नाहीत. चाचणीच्या बाकाच्या तेलटाकीवर हात ठेवून बसून राहिले, आणि हाताला ती गार लागली. इतकी वर्षं ते सगळ्या वाल्व्ह गार तेलावर तपासत आले होते. त्यांच्या आधीचेही तसेच. उकळत्या तेलात बोटं कोण घालणार? पण डंपर काही गार तेलावर चालत नाही.

त्यांनी तेल तापवायला लावलं आणि फोरमनला आत बोलावून दार लावलं. उद्या कुणी म्हणायला नको की सासऱ्यानं बनाव रचला. दांडी न्यूट्रलला ठेवली आणि मामांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. बाहेर वेल्डिंगचा उजेड काचेवर नाचत होता. मग क्लचचा काटा हलला. कुणी बोट लावलं नव्हतं. काटा चढत गेला, आणि क्लच आवळेल इतका दाब झाल्यावर तिथेच थांबला.

"मामा, बंद करा हे," फोरमन म्हणाला.

मामांनी ठोकळा पुन्हा खोलला आणि दिव्याखाली तिरपा धरून भोकात पाहिलं. न्यूट्रलच्या नेमक्या जागी, एकाच अंगाला, धातू झिजून गुळगुळीत झाला होता. गार, जाड तेल तिथे अडायचं. तापून पातळ झालं की फटीतून पहिल्या गिअरच्या वाटेत झिरपायचं. बाकी कुठल्याच वाल्व्हमध्ये मामांनी अशी झीज पाहिली नव्हती. दोन बोटांच्या टकटकीमध्ये दांडा जेवढा मागेपुढे होईल, तेवढीच ती लांब होती.

संध्याकाळी ते लेकीकडे गेले. जावई भिंतीला टेकून बसला होता. "तुम्ही न्यूट्रललाच ठेवली होती, जावईबापू," मामा म्हणाले. "फोरमननं लिहून दिलंय." मग जरा थांबून, कारण अर्धवट सांगणं त्यांना जमत नसे, "आणि गाडी वस्तादानंच हलवली. त्याच्या हातानं आतला धातू खाल्लाय." लेक रडायला लागली. तिला हसूही येत होतं. जावई त्या रात्री पोटभर जेवला.

नवी वाल्व्ह बॉडी बसली, साहेबांनी जावयाला परत कामावर घेतलं. पहिल्या फेरीला जावई म्हणाला, मामा, शेजारी बसा, म्हणून मामा गुडघे दुखत असताना शिडी चढले. गाडी झकास चालली. भरणीच्या रांगेत तिसरा नंबर लागला, जावयानं न्यूट्रल टाकलं आणि समोरच्या धुळीकडे बघत बसला. मामांना जरा डुलकी लागत होती.

टक टक. टक टक.

मामांनी मान वळवली. जावयाची दोन बोटं दांडीवर होती.

"बापू, हात."

त्यानं खाली पाहिलं. "मामा," तो हळूच म्हणाला, "हे मी करत नाहीये."

मामांनी आपला पंजा त्या हातावर घट्ट दाबून धरला. बोटं खालून जोर करत राहिली. पुढची गाडी हलली, मागच्यानं हॉर्न दिला. चला, असं मामा म्हणाले, पण हात काढायचा त्यांना धीर होईना.