दार बंदच आहे असं धरून

माझी वहिनी लिफ्टचे प्रोग्रॅम लिहिते. नणंद असून मी तिचं कौतुक करते, म्हणून आई मला फितूर म्हणते. म्हणू दे. कंपनीत तिच्याबरोबर एकजण होता. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून आम्ही घरी त्याला भाऊराया म्हणायचो. वहिनीनेच त्याला हाताला धरून काम शिकवलं. एकाच कॉम्प्युटरसमोर दोघं खुर्च्या टाकून बसायचे. सकाळी वहिनी आपल्या नावाने तो उघडायची आणि दिवसभर दोघंही त्यावर लिहायचे. "आपल्यात कसलं आलंय तुझं-माझं?" हे तिचंच वाक्य. रविवारी तो आमच्याकडे जेवायला असायचा, आणि आग्रहाची वाट कधी बघायचा नाही.

दाराची स्थिती आणि आतलं वजन टिपणाऱ्या ओळी वहिनीने थेट मशीनच्या भाषेत, असेंब्लीत लिहिल्या होत्या. बाकी प्रोग्रॅमचं भाषांतर कंपायलर करतो, पण या ओळींच्या आत तो डोकावत नाही. त्यांच्याबद्दल आपण जे कळवू, त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. 'इथे मेमरी बदलते' अशी सूचना लिहून कळवलं, तर तो सगळं मेमरीतून नव्याने वाचतो. नाही कळवलं, तर काहीच बदललं नाही असं धरून हाताशी असलेली जुनी माहिती वापरत राहतो. नव्याने वाचायला किंचित वेळ लागतो, इतकंच.

भाऊरायाला तो किंचितही नको होता. मोठ्या साहेबांसमोर चाचणी होती आणि साहेबांना वेगाचं वेड.

"ताई, ही सूचना काढू या का?"

"अजिबात नाही," असं म्हणून वहिनी जेवायला गेली. कॉम्प्युटर उघडाच होता.

चाचणीत दार उघडलं. मेमरीत तशी नोंदही झाली, पण प्रोग्रॅम जुन्या 'दार बंद'वरच चालत राहिला आणि लिफ्ट उघड्या दारानिशी वर निघाली. आत माणसं नव्हती, वाळूची पोती होती, म्हणून निभावलं.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "सूचना कुणी काढली?"

वहिनीने भाऊरायाकडे पाहिलं. तो सांगेल याची तिला खात्री होती. खात्री! तो टेबलाकडे बघत म्हणाला, "बदल ताईंच्या नावावर दिसतोय, सर."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. वहिनीला माहितीपुस्तिका लिहायला बसवलं आणि तिची जागा त्याला दिली.

"तू ओरडली का नाहीस?" मी चिडून विचारलं.

"सुचलंच नाही गं. मी त्याला अजून पहिल्या दिवशीचा, घाबरत पेन मागणारा मुलगाच समजत होते."

पुढच्याच आठवड्यात स्वारी तिच्या टेबलाशी हजर. "ताई, दार बदलतं एवढं कळवलं मी. पण लिफ्ट वजन जुनंच धरतेय."

मी असते तर त्याला जिना दाखवला असता. पण त्या लिफ्टमध्ये उद्या माणसं चढणार होती. वहिनी उठली, त्याच्या खुर्चीत बसली. "त्या ओळी वजनही बदलतात. सगळंच कळवावं लागतं, अर्धं नाही," म्हणाली, सूचना नीट लिहिली आणि लिफ्ट तपासून परत आली.

कॉम्प्युटर या वेळी त्याच्या नावाने उघडलेला होता. संध्याकाळी सगळ्यांना साहेबांचा मेल आला. ताईंची चूक शोधून निस्तरल्याबद्दल भाऊरायाचं अभिनंदन होतं.

रविवारी आईने सवयीने त्याचंही ताट मांडलं. वहिनीने ते उचललं, पुसलं, परत जागेवर ठेवलं आणि मग पहिल्यांदा रडली.