छत्री प्रमुख पाहुण्यांसाठी नव्हती

'सार्कॉइडोसिस' हे नाव मी डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घेतलं. शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला एवढं भारदस्त दुखणं शोभत नव्हतं. छातीतल्या गाठींपासून सुरू होऊन २००३ साली ते मूत्रपिंडांपर्यंत पोचलं. रक्तातलं क्रिएटिनिन साडेतीन, असायला हवं एकच्या आसपास. आणखी चढलं तर डायलिसिस, आणि त्यासाठी आठवड्यातून दोनदा गोवा.

आईनं हे सगळं 'अशक्तपणा' या एका शब्दात बसवलं. मालवणच्या बाजारात मासे विकण्यात तिची हयात गेली होती. अशक्तपणावर तिच्याकडे मोरीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल होतं. रोज सकाळी एक चमचा, आणि मग सुकत घातलेल्या बांगड्यांशेजारी तासभर मीही उन्हात.

"नाक धर आणि गीळ रे झिला. हाडांका बरा."

पुढच्या खेपेस गोव्याच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरचं काही औषध?" आईनं अभिमानानं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, या आजारात शरीरच ड जीवनसत्त्व जास्त बनवतं. त्यानं रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडं बिघडतात. तेलानं आणि उन्हानं त्यात भरच पडते. दोन्ही बंद."

स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊन निघालो. एस्टी इन्सुलीच्या नाक्यावर आली. आई म्हणाली, "म्हणजे मीच तुका वीख घालत होतंय?"

"तुका खंय ठावक होता? आणि मी तर पुस्तका वाचतंय, माका तरी खंय ठावक होता?"

त्या दिवसापासून तिनं उन्हाशी वैर धरलं. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर प्रमुख पाहुणे राष्ट्राच्या भवितव्यावर बोलत होते. भवितव्य बरंच लांबलचक निघालं. आई सरळ शिक्षकांच्या रांगेत आली आणि माझ्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिली. मुख्याध्यापकांनी खुणावलं, छत्री पाहुण्यांवर धरा.

"तेंका काय धाड भरली?" आई मोठ्यानं म्हणाली. "तासभर बोलतत!"

पाहुण्यांनी राष्ट्र दोन वाक्यांत आटोपलं.

फेब्रुवारीत रिपोर्ट आला. क्रिएटिनिन दोनच्या खाली. बाई हसल्या, "सावरतायत मूत्रपिंडं. डायलिसिसचं सध्या तरी नाव नको."

"आणि छत्री?" आईनं विचारलं.

"ती राहू दे."

घरी आल्यावर तिनं तेलाची उरलेली बाटली शेजाऱ्याला दिली. त्यानं ते होडीच्या फळ्यांना चोपडलं. होडी दिवसभर उन्हात असते, तिला चालतं.