वरची लाइन खाली कर

कंपनीचं सर्व्हर मशीन पुण्यात गोठलं होतं आणि मी काशीत, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत, वडिलांच्या घरी पलंगावर लॅपटॉप घेऊन चडफडत बसले होते. सकाळचे अकरा वाजले होते. साहेबांनी बजावलं होतं, या खेपेला तिथून बिघाड पकडलास तर ठीक, नाहीतर पुण्याला परत ये. बाबा गुडघ्यांनी अधू, घरात एकटे, आणि काशी सोडायला तयार नाहीत. त्यांना टाकून जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

"तू गेलीस की वरची खोली खाली होईल," ते सकाळीच म्हणाले होते, "किरायेदार बघायला हवा." इतकं कोरडेपणाने, की मला रागच आला.

काम तसं सरळ होतं. गोठलेल्या मशीनला आहे त्या अवस्थेत धरायचं आणि डीबगरमध्ये, म्हणजे त्याच्या पोटात, शिरून कोण कुणासाठी अडून बसलंय ते बघायचं. नेटवर्क मेलेलं, त्यामुळे आत जायला एकच जुनी वाट होती, सीरियल लाइन. मशीनपासून एका डब्यापर्यंत केबल, आणि त्या डब्यापर्यंत इंटरनेटवरून मी. लाइनवर 'ब्रेक' पाठवला, म्हणजे लाइन क्षणभर तुटल्यासारखी केली, की मशीन डीबगरमध्ये उतरतं. तासभर मी ब्रेक पाठवत होते आणि तो मेला डबा ते मधल्यामध्ये गिळत होता. माकडांनी आमच्या छतावरची इंटरनेटची तार ओढली नाही हेच नशीब. तिकडे पुण्यात कुणी वैतागून रीसेट दाबलं असतं तर सगळा पुरावा गेला असता.

मशीनजवळ माझा सहकारी फोन कानाला लावून बसला होता. माझ्या मनात आलं, डब्याच्या ज्या वरच्या पोर्टात मशीनची केबल आहे, तिथे ह्याचंही लॉगिन उघडं असणार, म्हणून माझं काही चालत नाही.

"अरे, ती वरची लाइन खाली कर!" मी ओरडले.

"खाली?"

"हो, खाली! किती वेळा सांगू?"

खुडबुड ऐकू आली. माझ्या स्क्रीनवर एकही अक्षर उमटेना.

"केली बघ. वरच्या पोर्टातली केबल काढून खालच्यात लावली."

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या घरी खाली म्हणजे रिकामं. बस खाली, घडा खाली, डोकं खाली. पुण्यात खाली म्हणजे वरच्या उलट. कॉलेजात असताना मी "ही खुर्ची खाली आहे का?" विचारलं की मुली खुर्चीखाली वाकून बघायच्या आणि खिदळायच्या. तिथे इतकी वर्षं काढली, तरी राग आला की माझी मराठी काशीला परत येते. चूक माझीच होती, म्हणून तर जास्त संताप आला.

"आता रीसेट करू का गं?"

"हात लावू नकोस!"

मी खालचा पोर्ट उघडला आणि एंटर दाबलं. डीबगर समोर उभा, माझ्या आज्ञेची वाट बघत. केबल उपटली तेव्हा लाइन खरोखरच तुटली होती आणि मशीनला हवा तो ब्रेक मिळाला होता.

आत चालू असलेल्या दोन प्रोसेस एकमेकींचं कुलूप सुटायची वाट बघत अडकल्या होत्या. होतं नव्हतं ते सगळं उतरवून साहेबांना पाठवलं. थोड्या वेळाने उत्तर आलं, "छान. पुढचंही तिथूनच कर."

मी जिना उतरून गेले. बाबा ताटात तांदूळ निवडत होते.

"बाबा, वरची खोली खाली नाही होणार."

"अच्छा," ते म्हणाले. "मग किरायेदाराला मना करावं लागेल."

किरायेदार कुणी नव्हताच. त्यांनी निवडलेले तांदूळ परत ताटात ओतले आणि पहिल्यापासून निवडायला घेतले. मला रडू आवरेना.