बँडच्या गाडीतले मास्तर

"बास म्हंजे बास. आता गप बसायचं," असं स्वतःलाच बजावून मास्तर गिटारचा पट्टा गळ्यात अडकवायचे आणि वाकून बँडच्या गाडीत शिरायचे.

आमच्याकडची वरात तुम्ही पाहिली असेल तर ही गाडी तुम्हाला माहीत असणार. वर भोंगे, मागे जनरेटर, चारी बाजूंनी लोखंडी गज. आत मी कीबोर्डला आणि शेजारी स्टुलावर मास्तर. लोक पुढच्या क्लॅरनेटवाल्याकडे बघत नाचतात. गाडीत कोण बसलंय, हे कुणी बघत नाही. वीस वर्षं तो पुढचा क्लॅरनेटवाला म्हणजे मास्तरच होते.

मास्तर राहायला खोडदला. बँड त्यांच्या वडिलांनी काढलेला, त्यांच्यामागे धाकटा भाऊ सांभाळायचा. लग्नाची तारीख धरण्याआधी लोक मास्तर मोकळे आहेत का, ते विचारतात, असं हा भाऊ सांगे. त्यात थोडी भर असेल, पण थोडीच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका उन्हाळ्यात एसटीनं करकचून ब्रेक मारला आणि मास्तरांचं तोंड पुढच्या बाकाच्या दांडीवर आपटलं. वरचे चार दात गेले. कवळी बसवली, पण क्लॅरनेटला दातांचा आधार लागतो. निरगुडसरच्या एका लग्नात त्यांनी धीर करून वाजवायला घेतलं. दुसऱ्याच ओळीला कवळी हलली, सुराची किंकाळी झाली आणि नवरदेवासकट सगळे हसले. मास्तरही हसले. मग क्लॅरनेट रुमालानं पुसून त्यांनी पेटीत ठेवलं. पुढच्या आठवड्यात भावानं पुण्याहून खालचे जाड सूर देणारी, विजेवर वाजणारी बास गिटार आणली आणि शिकवायचं काम माझ्यावर टाकलं. मी पंचविशीतला, ते पन्नाशीला टेकलेले.

इतक्या जाणत्या माणसाला शिकवणं सोपं जाईल, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. एखादी ओळ कानावर पडली, की मास्तर ती जशीच्या तशी बासवर काढायचे, हरकतींसकट. मी सांगायचो, की गाणं क्लॅरनेट म्हणेल, तुम्ही फक्त खालचा सूर धरा.

"एक सूर धरून उभं ऱ्हायला मी खुंटी हाय का?"

पण धरायचे. दोन मात्रा धरायचे, तिसरीला बोटं पळायचीच. मग मान खाली. जाड तारांनी बोटांना फोड आले, त्याबद्दल मात्र कधी बोलले नाहीत.

एकदा न राहवून मी विचारलं, की इतका जीव घुसमटतो तर सोडून का देत नाही. ते तारा पुसत होते, पुसता पुसताच म्हणाले,

"बँड सोडला तर गावात मी नुसता कुणाचा तरी थोरला भाऊ. हितं निदान मास्तर म्हणत्यात."

त्यांच्या जागी साताऱ्याकडचा एक क्लॅरनेटवाला आला. तयार माणूस, पण जरा घाईचा. आळेफाट्याच्या एका वरातीत त्यानं मास्तरांचंच गाजलेलं गाणं धरलं. गाण्याआधीच्या लांब आलापात तो भरकटला. परत षड्जावर कसं यायचं, ते त्याला सापडेना. मी गोंधळून कीबोर्डवरचे हात उचलले. मास्तर गजांमधून त्याच्या पाठीकडे बघत होते. क्षणभर त्यांचंही बोट तारेवरून उठलं. मग त्यांनी षड्ज दिला. एकदा, ठाम. पुन्हा एकदा. मग एकेक पायरी खाली उतरत त्याला वाट दाखवली. क्लॅरनेट त्या वाटेनं घरी आलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि त्या बाबाला काही कळलंही नाही.

गाडी थांबल्यावर मी म्हणालो, तुम्ही सांभाळलंत.

"त्याला सांगू नको," मास्तर म्हणाले. मग पट्टा गळ्यातून काढता काढता म्हणाले, "पडू द्यावं वाटलं व्हतं. लई वाटलं. बोट ऐकंना."

त्यानंतर ते बास उत्तम वाजवू लागले. सुखानं वाजवू लागले, असं मात्र मी म्हणणार नाही. वरात संपली की गाडीतून सगळ्यांत आधी तेच उतरायचे आणि रस्त्याच्या कडेला, अंग मोकळं करत, एकटेच उभे राहायचे.

पुढे डीजे आले आणि आमचा बँड मिटला. दोन-तीन वर्षांनी खोडदला गेलो, तेव्हा दुपार होती आणि लाइट गेलेली. मास्तर ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर तीच गिटार. बोटं चालत होती; आवाज जवळजवळ नव्हताच. मला वाटलं, नुसता हात फिरवतायत. मग दिसलं, की त्यांनी हनुवटी गिटारच्या लाकडावर दाबून धरली होती.

मला बघून त्यांनी मान उचलली, गिटार माझ्याकडे सरकवली. "टेकव," म्हणाले.

मी हनुवटी टेकवली. त्यांनी तार छेडली. सगळ्या डोक्यात तो सूर भरला, दाढांपासून कानामागपर्यंत. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या, त्यांना काही पत्ताच नव्हता.

"भाईर काय बी जात न्हाई बघ," मास्तर म्हणाले.

त्या हिवाळ्यात ते गेले. मला कळलं, तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. ओट्यावरच्या त्या दुपारी मात्र ते वाजवायचे थांबले नाहीत, आणि मीही डोकं उचललं नाही.