सायकलच्या रिंगा आणि आक्काबाईची गाठ

आमच्या पुंजासारखा सायकल मेकॅनिक नाशकात दुसरा नाय. मी त्याचा सख्खा मोठा भाऊ चिमाजी, म्हणून म्हणत नाय. द्वारका चौकात जाऊन कुणालापण विचारा. वाकडं चाक हातात घेतो, एकदा फिरवतो, कुठली तार ढिली हाय ते बोटानंच सांगतो.

बाप गेला तेव्हा पुंजा सहा वर्षांचा होता. मी सातवीत होतो, ती तिथंच सोडली आणि मखमलाबादच्या मळ्यात झेंडू-शेवंती बघायला लागलो. पहाटे फुलांची पाटी डोक्यावर आणि पुंजा कडेवर, असा बाजारात जायचो. लोक म्हणायचे, पोरगं आहे का भाऊ? मी म्हणायचो, दोन्ही. तर त्याच्याबद्दल चार शब्द जास्त बोललो, तर माझा हक्क हाय तो.

मी जेवढा बोलतो तेवढाच पुंजा गप्प. त्याला एकच नाद, खेकड्यांचा. सुट्टीच्या दिवशी गंगापूर धरणाच्या काठावर जायचा. बरोबर भंगारातल्या चार रिंगा, तारा काढलेल्या. विंचूरला कांदा बाहेरदेशी पाठवायला लाल जाळीच्या पिशव्या वापरतात, त्यातल्या फाटक्या आणून त्यानं रिंगांना झोळीसारख्या शिवलेल्या. मधोमध कोंबडीचे पाय बांधायचे, तीन दोऱ्या वर घेऊन एका नायलॉनच्या दोरीला बांधायच्या आणि रिंग पाण्यात आडवी सोडायची. खेकडा खायला येऊन बसला, की वर ओढायची. खर्च म्हणाल तर दोरीचा तेवढा. गळ टाकून दिवसभर बसणारे लोक याच्या बादलीकडं बघत राहायचे.

२००२ साली द्वारकेजवळच्या एका दवाखान्यातली नर्स त्याच्याकडं पंक्चर काढायला आली. मालिनी तांडेल, डहाणूच्या खालची, समुद्रकाठची. पुढं तिची सायकल आठवड्याला पंक्चर व्हायला लागली. मी एकदा ट्यूब बघितली, तिला एकपण भोक नव्हतं. पुंजाला म्हणलो, "हे काय रे?" तर तो म्हणला, "दादा, हवा कमी होते."

जात वेगळी होती, पण आई म्हणली, पोराला बोलायला कुणीतरी मिळालं, नाय कशाला म्हणू? म्हणून बापाच्या जागी मी स्थळ घेऊन निघालो. जव्हारच्या घाटातनं जाणारी एसटी, आणि पुंजाच्या गोणपाटात त्या चार रिंगा. कंडक्टर म्हणला, "सायकलचं तिकीट लागंल." मी म्हणलो, "बाकीची सायकल दाखवा, मग काढतो."

मालिनीचे वडील बाळाजी तांडेल म्हणजे उंच, काळासावळा, कमी हसणारा माणूस. आपसात ते लोक वेगळंच बोलायचे, आमच्याशी मात्र आम्हाला समजंल असं सावकाश. ओट्यावर चहा झाला आणि त्यांनी सरळ सांगितलं, "पोरगा वाईट दिसत नाय. पण माझी पोर नोकरीला तिकडं गेलीय तर जीव लागत नाय माझा. कायमची पाठवू? तुमच्याकडं समुद्र नाय. पाण्याजवळचं काय माहीत असंल या पोराला? मी तिला अशा घरी देणार नाय जिथं बर्फातला मासा खातात."

पुंजा खाली बघत होता, कान लाल झालेले. दारामागं मालिनी उभी होती, तिच्या बांगड्या वाजायच्या बंद झाल्या. मला ते बघवलं नाय. मी म्हणलो, "मामा, पाण्याचं म्हणता? आख्ख्या नाशिक जिल्ह्यात खेकड्यात याचा हात धरणारा नाय. उद्या तुमच्या समुद्रातनं घरभर पुरतील एवढे काढून दाखवतो."

"चिंबोऱ्या काढणार?" बाळाजीमामा म्हणले.

"पाटीभर."

"मग उद्याचं कालवण पाहुण्यांकडं. खाऊन बोलू."

पुंजानं हळूच माझा सदरा ओढला. पण तोवर मी बोलून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आम्ही बंदरावरच्या दगडी धक्क्यावर गेलो. मामांनी मालिनीला घरीच राहायला सांगितलेलं, नायतर तिनं आम्हाला शहाणं केलं असतं. पाणी धक्क्याला लागून काठोकाठ भरलेलं. पुंजानं धरणावर लावतो तशाच रिंगा सोडल्या. दोरी मोजून तीन हात, वर लोखंडी कड्याला घट्ट बांधलेली. दोरी सैल सोडली की गुंतते, ही त्याची धरणातली शिस्त. तो तिथंच बसणार होता, पण मी म्हणलो, "चल, भाजी-भाकर खाऊन येऊ, पाणी कुठं पळून जातंय?"

दोन वाजता येऊन बघतो, तर पाणी पळून गेलेलं. खाली नुसता चिखल, धक्क्याच्या टोकाशी तेवढं पाणी उरलेलं. धक्क्याच्या भिंतीवर चारी रिंगा अधांतरी लटकत होत्या, वाऱ्यानं हलत होत्या आणि कोंबडीचे पाय कावळे खात होते. मासळी निवडणाऱ्या बायका हसून हसून एकमेकींवर पडत होत्या. एक म्हणली, "पाहुणे, रिंगा वाळत घातल्या का?"

आम्ही धरणाची माणसं. धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, तेपण सरकारनं सोडलं तर. जेवून येईस्तोवर दोन पुरुष खाली जाणारं पाणी आम्ही जन्मात बघितलेलं नव्हतं.

पुंजानं रिंगा वर ओढल्या. खिशात पंक्चरच्या खुणा करायचा खडू असतो त्याच्या, तो घेऊन चिखलात उतरला आणि टोकाला भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, पोरगं रडतंय. माझ्या एका वाक्यानं याचं लग्न त्या चिखलात बुडालं होतं.

मग मी केलं ते केलं. सरळ मासळी बाजारात गेलो. कोपऱ्यात एक म्हातारी चिंबोऱ्या घेऊन बसलेली, एकेक माझ्या पंजाएवढी. प्रत्येकीच्या नांग्या हिरव्या दोऱ्यानं बांधलेल्या.

"पाहुणे कुणाकडचे?" तिनं विचारलं.

"बाळाजी तांडेलांकडं. भावाचं स्थळ घेऊन आलोय. नाशिकचं खानदान आहे."

"असं का," म्हातारी म्हणली. "मग मांसानं भरलेल्या देते." आणि सहा मोठ्या निवडून दिल्या.

दोरे सोडायची माझी छाती झाली नाय. आमच्याकडचा खेकडा बोट धरतो, हा तर बोट घेऊन जाईल. म्हणलं, बांधलेल्या असल्या तर काय झालं, पकडल्यावर कुणीपण बांधतंच. बादलीत टाकल्या, वर थोडं खारं पाणी घेतलं आणि साडेचारच्या सुमाराला तांडेलांच्या अंगणात नेऊन ठेवली.

"घ्या मामा. पुंजाचा हात."

बाळाजीमामा वाकले. एक चिंबोरी उचलून उलटी केली, सुलटी केली. "बांधल्या कुणी?"

"त्यानंच. लय सफाई हाय त्याच्या हाताला."

"डावरा आहे का?"

"कोण, पुंजा? नाय. उजवा."

"आमची बहीण आक्काबाई डावरी आहे," ते म्हणले. "साऱ्या बाजारात डावीकडं गाठ मारणारी ती एकटी. आणि हिरवा दोरा मीच तिला देतो, माझ्या जुन्या जाळ्यातला."

दारात उभ्या मालिनीनं पदर तोंडाला लावला. हसत होती का रडत होती, मला कळलं नाय. मी बादलीची कडी उगाच इकडं-तिकडं करत बसलो. तेवढ्यात पुंजा आला. गुडघ्यापर्यंत चिखल, बोटं खडूनं पांढरी.

"काय रे, किती सापडल्या?" मामांनी विचारलं.

मी मागनं डोळ्यानं खुणावत होतो, सहा म्हण, सहा. त्यानं माझ्याकडं बघितलं, बादलीकडं बघितलं, आणि त्याला सगळं समजलं.

"एकपण नाय," पुंजा म्हणला. "या दादानं आणल्यात. माझ्यासाठी. त्याच्यावर रागावू नका मामा, त्याला माझं पडलेलं तोंड बघवत नाय. लहानपणापासनं हाय ते."

"हो म्हणाला असतास तर निभावलं असतं तुझं."

"आज निभावलं असतं. पण पुढच्या टायमाला दादा मुंबईच्या बाजारात गेला असता."

मामांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसणं होतं असं मी छातीठोक सांगणार नाय. ते एवढंच म्हणले, "रिंगा कुठं लावलेल्या, दाखव."

तिघं धक्क्यावर गेलो. टोकाला भिंतीवर छातीएवढ्या उंचीपासून खाली पाण्यापर्यंत खडूच्या आडव्या रेघा होत्या. मामा खाली वाकून बघत राहिले. "हे काय?"

"पाणी कुठवर होतं त्याची वरची खूण भिंतीवर ओली दिसत होती," पुंजा म्हणला. "मग मी आल्यापासनं दर पंधरा मिनटाला पाण्याला धरून एक रेघ मारली. मधी पाणी लय जोरात उतरतं, रेघा लांब लांब पडल्या. आता खाली जवळ जवळ पडायला लागल्यात. म्हणजे थांबत आलंय. थांबलं की फिरंल. मग दोरी किती लागंल ते कळतं."

एवढं लांब बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मालिनीजवळ बोलत असंल, ते वेगळं.

बाळाजीमामा चिखलात उतरून बराच वेळ रेघांवरनं बोट फिरवत होते. मग म्हणले, "तुझ्या या रिंगेच्या जाळ्याला आमच्याकडं फग म्हणतात. लोखंडाची कडी विकत आणतो आम्ही. सायकलची रिंग कुणी आणली नव्हती." एक रिंग हातात तोलून म्हणले, "हलकी आहे. दगड बांध खाली. उद्या सकाळी भरती चढायला लागली की ये. कोंबडी नको, मासळीचं डोकं देतो."

"दादाला आणू?"

"आण. पण त्याला मधीच भाकर खायला जायचं नाय म्हणून सांग."

त्या दिवशी आक्काबाईच्या सहा चिंबोऱ्यांना घरात कुणी हात लावला नाय. बादली तशीच झाकून ठेवली, आणि सकाळी मामांनी ती आक्काबाईकडं परत पाठवली. लग्नाबद्दल हो नाय, नाहीपण नाय. मी ओट्यावर पडल्या पडल्या विचार करत होतो, की नाशकात गेल्यावर आईला काय सांगायचं. पुंजा मात्र दोऱ्यांना गाठी मारत बसला होता. त्याला विचारलं, "भीती वाटत नाय का?" तर म्हणला, "वाटते. म्हणून तर हात चालू ठेवलाय."

सकाळी पाणी चढायला लागलं तसे मामा आणि पुंजा धक्क्याच्या टोकाला बसले. मी जरा मागं. दोऱ्या लांब, सैल, आणि जसं पाणी वर येईल तसा पुंजा हातानं ताण बघायचा. चाकाच्या तारांचा बघतो तसाच. पहिली रिंग रिकामी आली. दुसरीत एक लहानगी होती, ती मामांनी परत सोडली. पुंजाच्या मानेवर घाम दिसत होता. तिसऱ्या दोरीला त्यानं दोन बोटं लावली आणि म्हणला, "मामा, कुणीतरी खातंय."

"थांब. खाऊ दे."

"किती?"

"तू सांग."

पुंजा थांबला. मग त्यानं एका दमात ओढली, मधी कुठं न थांबता. कांद्याच्या त्या लाल जाळीत दोन चिंबोऱ्या, आक्काबाईच्यापेक्षा मोठ्या. धक्क्यावरच्या कालच्याच बायका बघत होत्या. आज कुणी हसलं नाय.

चौथीत अजून एक निघाली. मामांनी दोरा काढून पुंजाच्या हातात दिला आणि नांग्या कशा आवळायच्या ते दाखवलं. पुंजानं गाठ मारली, उजवीकडं.

दुपारी जेवायला बसलो. तांदळाची भाकरी आणि नारळाचं लाल कालवण. आमच्याकडचे खेकडे बारके, पाट्यावर वाटून रस काढायचा असतो आम्हाला. ही जाड नांगी कशी फोडायची ते पुंजाला येत नव्हतं. ताटात घेऊन नुसताच बघत बसला. मालिनी वाढायला आली होती. तिनं बापासमोर, माझ्यासमोर, काही न विचारता त्याच्या ताटातली नांगी उचलली, दातानं फोडली, आतलं पांढरं मांस आख्खं बाहेर काढलं आणि त्याच्या भाकरीवर ठेवलं. मग भाताचं भांडं आणायला आत गेली.

बाळाजीमामा जेवायचे थांबले. ती गेली त्या दाराकडं बघत राहिले. मला वाटलं, आता चिडतात. त्यांचे डोळे भरले होते, तरी त्यांनी ते पुसले नायत.

मग त्यांनी माझ्या ताटाकडं बघितलं. माझीपण नांगी तशीच पडलेली. त्यांनी ती उचलली, बत्त्यानं हळूच टिचवली, माझ्यापुढं ठेवली आणि म्हणले, "खा, व्याही. गार होतंय."