न वाळलेला हिरवा

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खोटं कशाला बोलू – करमणूक म्हणून. कुणाची लिफ्ट आपोआप थांबली, कुणाचं कुत्रं रिकाम्या कोपऱ्याकडे बघून भुंकलं... मी बायकोला, केतकीला, मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं हसायचो. मी इकडे परदेशात, नोव्हायला, गाड्यांच्या ब्रेक टेस्टिंगमध्ये आहे. एखादी गोष्ट पुन्हा करून दाखवता आली नाही तर आमच्याकडे तिला 'नॉइज' म्हणतात आणि पुढे जातात. माझी पद्धत अजूनही तीच आहे. फक्त या एका गोष्टीला नॉइज म्हणणं मला जमत नाहीये, म्हणून लिहितोय. हसलात तरी राग नाही, तुमच्या जागी मीही हसलो असतो.

आधी माझ्या नादाबद्दल सांगायला हवं. मी स्केल मॉडेल्स बनवतो. दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे, ट्रक, ॲम्ब्युलन्स, सगळं पस्तीसपट लहान. प्लास्टिकचे सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, स्प्रेनं रंगवायचे, आणि इतकं निगुतीनं रंगवून झालं की त्याच्यावर मुद्दाम गंज आणि चिखल चढवायचा. केतकी म्हणते, "भांडी घासायला सांगितली की तुझी पाठ धरते, आणि इथे एक चाक दुपारभर घासतोस." घराच्या बेसमेंटमध्ये माझं टेबल आहे, वर दिवा, बाजूला फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी. हिवाळ्यात फर्नेस सतत चालू असल्यामुळे तिथली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. हे लक्षात ठेवा.

माझे बाबा हिंगणघाटचे. त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता आणि त्या धंद्यात एक जीप होती – युद्धाच्या काळातली, लष्कराच्या डिस्पोजलमधून निघून चार घरं फिरून आमच्याकडे आलेली. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे ओव्हरटेक करताना शेजारी बसलेल्या माणसानं "चला" म्हणायचं, ही माझी लहानपणची नोकरी. मंडपाच्या लोखंडी खांबांसाठी बाबा स्वतः रंग मिसळायचे आणि उरलेल्या रंगात दिवाळीच्या आधी जीप रंगवायचे. ना लष्करी हिरवा, ना बाटलीचा. घरात त्याला 'खांबांचा हिरवा' म्हणायचे. मी कॉलेजात असताना जीप विकली. फोटो आहेत ते माझ्या जन्माआधीचे, सगळे ब्लॅक अँड व्हाइट.

गेल्या हिवाळ्यात मी तीच जीप बनवायला घेतली. आयुष्यात पहिल्यांदा बाबांना माझ्या नादात रस वाटला. दर रविवारी सकाळी मी व्हिडिओ कॉल लावायचो, प्लास्टिकच्या चमच्यांवर वेगवेगळे हिरवे रंगवून कॅमेऱ्यासमोर धरायचो, आणि बाबा हिंगणघाटहून ते नापास करायचे.

"हा तर पोपट झाला बे. काळा घाल अजून."

"बाबा, कॅमेऱ्यात वेगळा दिसतो."

"कॅमेऱ्यात पोपट कावळा दिसते का? घाल म्हणतो ना."

शेवटी एका रविवारी एक चमचा पास झाला. बाबा बराच वेळ बघत राहिले. मी म्हणालो, थांबा, आत्ता लगेच स्प्रे करून दाखवतो, पाच मिनिटं. तर म्हणाले, "अबे, ओल्या रंगाचं काय पाहू? ओला रंग खोटं बोलते. वाळल्यावर दाखव." मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि जीपवर रंग मारला.

त्याच दुपारी ताईचा फोन आला. बाबांना ब्रेन हॅमरेज झालं होतं. नागपूरला हॉस्पिटलमध्ये नेलं, व्हेंटिलेटरवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, फार वेळ नाही, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा.

आता तुम्ही विचाराल, मग गेला का नाहीस? इकडे राहणारे विचारणार नाहीत, त्यांना माहीत आहे. माझं व्हिसाचं स्टॅम्पिंग संपलेलं होतं. जायला कुणीच अडवत नव्हतं, पण परत यायला तिथल्या वकिलातीची अपॉइंटमेंट लागणार, आणि ती कुठल्याच शहरात मिळत नव्हती. केतकीला सातवा महिना होता, डॉक्टरांनी तिला जपायला सांगितलेलं. मी गेलो असतो तर ती इथे एकटी, आणि मी तिथे किती महिने अडकणार ते देवाला ठाऊक. आईच म्हणाली, "येऊ नको. तुले काय तिथं कमी काम आहे का? तिच्यापाशी थांब." मी सकाळ-संध्याकाळ अपॉइंटमेंटचं पान रिफ्रेश करत बसायचो. दुसरं करता येण्यासारखं काही नव्हतंच.

अशातच एकदा, डोकं कुठेतरी गुंतवावं म्हणून, बेसमेंटमध्ये गेलो. जीप तशीच होती. रंग मारून बरेच दिवस झाले होते. उचलली, आणि बोटाला हिरवा लागला.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा ॲक्रिलिक रंग. स्प्रेनं मारला की काही मिनिटांत वाळतो. त्याच बाटलीतला रंग मारलेला चमचा शेजारी खडखडीत वाळलेला होता. त्याच दिवशी रंगवलेली चाकंसुद्धा वाळलेली. फक्त जीपची बॉडी ओली – नुकताच हात फिरवल्यासारखी. मी आमच्या मॉडेलवाल्यांच्या क्लबमधल्या डॉनला फोन केला. डॉन सत्तरीचा आहे, आयुष्यभर हेच करत आलाय. तो म्हणाला, प्लास्टिकला तेल लागलं असणार, तू काहीतरी तळलेलं खाऊन हात लावलास. मी म्हटलं, ठीक आहे. पण तेल लागलं असतं तर रंग सुटला असता, फुगला असता. असा दिवसेंदिवस ताजा राहिला नसता. केतकीला खाली बोलावलं. तिनंही बोट लावलं, बोटाकडे पाहिलं, नाइटीला पुसलं आणि म्हणाली, "स्वस्तातला आणलास ना?"

तिकडे बाबा जात नव्हते. डॉक्टरांनाही नवल वाटत होतं. आमच्याकडे अशा वेळी जे म्हणतात ते नातेवाइकांनी सुरू केलं – जीव कशात तरी अडकलाय. गंगेचं पाणी झालं. गीतेचा अध्याय कानात म्हणून झाला. भांडण झालेल्या चुलतभावाला आणून भेटवलं. आई एकेका नातेवाइकाचं नाव घेऊन विचारत होती, बाबांचं काही राहिलंय का. शेवटी तिनं मला विचारलं.

"तुह्याकडे काही राहिलं का रे त्यायचं?"

मी नाही म्हणालो. फोन ठेवला आणि मला आठवलं – "वाळल्यावर दाखव."

इथून पुढे मी शहाण्यासारखा वागलो नाही. रंग ओला आहे तोवर बाबा आहेत, यावर माझा विश्वास होता असं मी आजही म्हणणार नाही. पण रोज सकाळी उठल्याबरोबर खाली जायचं, जीपच्या तळाला, दिसणार नाही अशा जागी, बोट लावायचं, हिरवा लागला की सुटकेचा निःश्वास टाकायचा आणि मग वर येऊन ताईला मेसेज करायचा – "कसे आहेत?" उत्तर कायम तेच, "तसेच." एक दिवस मी बेसमेंटमध्ये गरम हवा येते तो व्हेंट बंद केला. बाळासाठी आणलेला, हवा दमट ठेवणारा ह्युमिडिफायर खाली नेऊन टेबलाजवळ लावला. केतकीनं पाहिलं.

मला वाटत होतं, अपॉइंटमेंट मिळेपर्यंत तरी... एवढंच.

तिथली संध्याकाळची भेटीची वेळ म्हणजे इथली सकाळ. आयसीयूत एका वेळी एकालाच सोडायचे. एकदा ताई आत जाऊन बाहेर आली आणि तिनं मला फोन केला. ताई कधी रडत नाही. लग्नातसुद्धा रडली नव्हती. ती म्हणाली, "पाठीला जखमा झाल्या रे. हात बांधून ठेवले आहेत, नळ्या ओढतात म्हणून. सुजले आहेत. चेहरा त्यांचा वाटतच नाही. कोणी तरी सोडवा रे यांना." ती हे देवाला म्हणत होती, पण ऐकणारा मी होतो.

मी केतकीला सगळं सांगितलं. रविवारचा कॉल, बाबा काय म्हणाले ते, व्हेंट, सगळं. मला वाटलं, हसेल किंवा चिडेल. ती म्हणाली, "मग दाखवून टाक ना. ओला तर ओला."

"ओला ते बघणार नाहीत."

"मग वाळला म्हण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप वर आणली, किचन टेबलवर पेपर पसरून ठेवली. आणताना दोन्ही हातांना रंग लागला, केतकीनं पेपर टॉवेल दिला. ताईला सांगून ठेवलं होतं की आज आत फोन घेऊन जा, मला त्यांना काहीतरी दाखवायचंय. का, ते सांगितलं नव्हतं. नर्सनं दोन मिनिटांची परवानगी दिली. स्क्रीनवर बाबा दिसले. ताई म्हणत होती ते खरं होतं. डोळे मिटलेले, तोंडात नळी.

मी जीप कॅमेऱ्यासमोर धरली. केतकी पाठीवर हात ठेवून उभी होती. मी म्हणालो, "बाबा, जीप झाली. खांबांचा हिरवा. वाळला बघा रंग."

खोटं बोललो. आणि बोलता बोलता नेहमीच्या सवयीनं माझा अंगठा बॉनेटवरून फिरला. कोरडा. मी परत फिरवला, जोरात. मग केतकीनं हात लावला. थोड्या वेळापूर्वी मी हातांचा पुसलेला हिरवा पेपर टॉवेलवर अजून ओला होता, आणि जीप कोरडी, चमच्याइतकी कोरडी.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. चेहऱ्यावर काही हललं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. एवढंच की मशीनचा आवाज बदलला, ताईनं "एक मिनिट" म्हणून फोन खाली केला, मला छत दिसलं, मग नर्सचे आवाज, मग कॉल कट झाला. मी परत परत लावत राहिलो. ताईनं उचलला तेव्हा ती आयसीयूच्या बाहेर होती. बाबा गेले होते.

अंत्यविधी मी फोनवर पाहिला. कुणीतरी फोन उंच धरला होता, सारखा हलत होता, मला बहुतेक वेळ लोकांची डोकी दिसत होती.

नंतर मी सगळं करून पाहिलं, कामाची सवय म्हणून. तीच बाटली, तसलंच नवं किट, फर्नेस चालू, फर्नेस बंद, ह्युमिडिफायर लावून. हाताला मुद्दाम तेल लावूनसुद्धा. दर वेळी रंग काही मिनिटांत वाळला. डॉनला शेवटपर्यंतची गोष्ट सांगितली तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हवामानाबद्दल बोलायला लागला.

माझा प्रश्न रंग का वाळला नाही हा नाहीच आहे. प्रश्न असा की मी पहिल्याच दिवशी "वाळला" म्हटलं असतं, तर त्यांची पाठ, ते बांधलेले हात... आणि दुसरीकडे, बाबा गेल्यानंतर थोड्याच दिवसांत अपॉइंटमेंट उघडली. कुणीतरी कॅन्सल केली असेल. मी अजून थोडा गप्प बसलो असतो तर त्यांना भेटलो असतो. दोन्ही विचार एकाच वेळी येतात.

मुलगी झाल्यावर आम्ही तिला घेऊन हिंगणघाटला गेलो. स्वयंपाकघरात आई बाळाला तेल लावत होती, तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. ती चिडली नाही, नवलही केलं नाही. तिला ते अगदी सरळ वाटलं. बाळाचे पाय चोळत राहिली. मग म्हणाली, "सोडवलं तू त्यायले. चांगलंच केलं." तिनं बाळाला पालथं केलं. "पण मी बाहेर बाकड्यावर होती ना रे. ताईनंतर माहा नंबर होता. आधी सांगतलं असतं, तर मी आत जाऊन दोन शब्द बोलून घेतली असती."

तर लोकहो, रंगांचं, प्लास्टिकचं, रसायनांचं ज्ञान असलेलं कुणी इथे असेल तर कृपा करून लिहा. कितीही टेक्निकल असलं तरी चालेल, मी समजून घेईन. माझ्याकडे आजवर काहीही स्पष्टीकरण नाही. पण ते निव्वळ केमिस्ट्रीचं निघालं तर फार बरं होईल. म्हणजे आईला फोन करून सांगता येईल की, त्या दिवशी माझ्या बोलण्यानं काही झालं नव्हतं.